समज देऊन सोडलं

'पोलिसांनी तरुणांना समज देऊन सोडलं.' हे वाक्य पेपरात इतक्या वेळा येतं की त्यातल्या 'समज' या शब्दापाशी कुणी थांबत नाही. समज म्हणजे कळणं. लेकराला समज आली असं म्हणतो तेव्हा आपण त्याचं कौतुक करत असतो. पण हीच समज ठाण्यात, हेडमास्तरांच्या खोलीत किंवा साहेबांच्या केबिनमध्ये 'दिली' जाते तेव्हा तिचा अर्थ होतो : या वेळी सोडतोय, पुढच्या वेळी सोडणार नाही. समजेच्या वरची पायरी ताकीद, मग सक्त ताकीद, मग कारणे दाखवा नोटीस. शिकवणं आणि दम देणं या दोन गोष्टींना आपल्या भाषेने एकच शब्द देऊन ठेवलाय. त्याच्या कुठल्या टोकाला उभं राहून बोलायचं, ते बोलणाऱ्यावर सोडलंय.

हा लेख विकिपीडियावरच्या इशाऱ्यांबद्दल आहे. तुम्ही एखाद्या लेखात चार ओळी घालता, थोड्या वेळाने त्या ओळी गायब झालेल्या असतात आणि तुमच्या चर्चापानावर एक चौकट येऊन बसलेली असते, ती चौकट. ठेवणारे म्हणतात, ही नवख्यांना शिकवण्यासाठी आहे. मला ती एक गद्यप्रकार म्हणून वाचायची आहे, जसं आपण अग्रलेखाचं किंवा कथेचं परीक्षण करतो तसं. विकिपीडियात पहिल्यांदा हात घालणाऱ्या माणसाशी तिथे बोललं गेलेलं पहिलं वाक्य पुष्कळदा हेच असतं. पहिल्या वाक्यावरून माणूस घरात यायचं की उंबऱ्यावरूनच परत फिरायचं ते ठरवतो.

मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी. त्याच्या बरोबर चार वर्षं आधी, १ मे १९९९ ला, परभणी जिल्ह्याचे तुकडे होऊन हिंगोली जिल्हा झाला. महाराष्ट्र दिनाला जन्मलेल्या या दोघांचा एरवी काही संबंध नाही. पण मला उदाहरणासाठी एक गाव हवं होतं, आणि मी हिंगोलीतल्या वसमत तालुक्यातलं हट्टा घेतलंय. एक तर तिथे पोलीस ठाणं आहे, म्हणजे समज देण्याची अधिकृत सोय आहे. दुसरं, या नावाची गर्दी आहे. एक हट्टा मध्य प्रदेशात दमोहकडे आहे, एक दुबईच्या डोंगरात धरणाशेजारी आहे, आणि हाट्टा नावाचे इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष होऊन गेले, त्यांचं नाव जकार्ताच्या विमानतळाला आहे. या गर्दीत आपल्या हट्ट्याबद्दल चार ओळी खऱ्या माहितीच्या लिहिणारं माणूस हट्ट्याचंच किंवा शेजारच्या गावचं असणार. पुण्यात बसून कुणी ते लिहिणार नाही.

मराठी विकिपीडियावर गावांचे लेख हजारोंनी आहेत आणि त्यांतले बरेचसे एकाच साच्यातून काढलेले. अमुक हे महाराष्ट्रातल्या तमुक जिल्ह्यातलं, तमुक तालुक्यातलं एक गाव आहे. खाली हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा अशी मथळ्यांची रांग, आणि मथळ्यांखाली पुष्कळदा काहीच नाही किंवा कुठल्याही गावाला लागू पडेल असं काहीतरी. ओस पडलेल्या वाड्यासारखे हे लेख असतात. खोल्या आहेत, माणसं नाहीत. त्यामुळे गावातलं कुणी पहिल्यांदा 'संपादन' दाबतं तेव्हा ते बहुतेक वेळा एका रिकाम्या खोलीत पाय टाकत असतं.

समजा, हट्ट्यातली बारावीतली एक मुलगी हे करते. फोनवरून, खातं न उघडता. ती लिहिते : आमच्या गावात लय हळद होते. फेब्रुवारीत शिवारात कुकर लागतेत, हळद शिजवून पंधरा दिवस वाळू घालतेत आणि मग ढोलात घालून पॉलिश करतेत. आमच्याकडची हळद सगळ्यात चांगली आहे.

या तीन वाक्यांत काय काय आहे ते बघा. हंगाम बरोबर आहे. शिजवणं, वाळवणं, घोळणं हा क्रम बरोबर आहे. कुकर म्हणजे घरातला नव्हे, वाफेवर हळद शिजवायचा शेतातला मोठा कुकर, हे फक्त त्या भागातल्या माणसाला न सांगता कळतं. वसमत भागाच्या हळदीला तर भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. ज्ञानकोशाच्या दृष्टीने चुकलेलं काय? 'आमच्या', 'लय', 'लागतेत', 'सगळ्यात चांगली', आणि संदर्भ नाही. म्हणजे माहिती बरोबर, बोली 'चूक', आणि एक वाक्य अभिमानाचं. हाताशी बसून कुणी पाच मिनिटं दिली तर यातून तीन उत्तम वाक्यं निघतात.

पण तिथे हाताशी कुणी बसलेलं नसतं. तिथे यंत्रणा असते. मराठी विकिपीडियाच्या जुन्या मंडळींनी या यंत्रणेला फार सुंदर नावं दिली आहेत, त्यासाठी त्यांना मनापासून दाद द्यायला हवी. चर्चेच्या जागेला चावडी. सरावाच्या पानाला धूळपाटी, म्हणजे जिच्यावर धूळ पसरून बोटाने अक्षरं गिरवायची आणि चुकलं तर हात फिरवून पुसून टाकायचं ती पाटी. आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रामला सांगकाम्या. गोष्टीतल्या सांगकाम्याला जेवढं सांगितलं तेवढंच तो करतो आणि तिथूनच सगळा घोळ सुरू होतो. संगणकाचं एवढं नेमकं वर्णन इंग्रजीतल्या 'बॉट'मध्ये नाही. संशयास्पद बदलावर जी खूण लागते ती खूणपताका, आणि बदल जतन होण्याआधी त्याला तपासणारी ती संपादन गाळणी.

गाळणीपाशी जरा थांबू. ही सोय २००९ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर आली. सॉफ्टवेअरमधलं तिचं मूळ नाव 'दुरुपयोगाची गाळणी' अशा अर्थाचं होतं. मग लोकांच्या लक्षात आलं की अडकणाऱ्यांत भाबडे नवखेही असतात, आणि त्यांना पहिल्याच पावलाला 'तुम्ही दुरुपयोग केलात' असं ऐकवणं बरं नव्हे. म्हणून तिकडे ती नुसती 'संपादन गाळणी' झाली. एका शब्दाने केवढा फरक पडतो! तरी आपल्याकडे गाळणी म्हटलं की चहा आठवतो, आणि चहा गाळल्यावर वर उरतो तो चोथा. कप कुणाचा आणि चोथा कोण, हा प्रश्न नाव बदलून सुटत नाही.

गाळणी तीन-चार गोष्टी करू शकते. बदलाला नुसती खूणपताका लावून तो जाऊ देते. किंवा जतन करण्याआधी एक सूचना दाखवते आणि 'तरीही जतन करा' म्हटलं तर पुढे जाऊ देते. किंवा साफ अडवते. यातला मधला प्रकार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण सूचना येते तेव्हा तुमचा मजकूर अजून तुमच्या हातात असतो. काहीही पुसलं गेलेलं नसतं. कुणासमोर पाणउतारा झालेला नसतो. मास्तरांनी वही तपासून वर्गापुढे भिरकावण्याआधी शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने कानात सांगावं, अगं काना राहिला, तसं. मराठी विकिपीडियावर गाळणीचा वापर नुसता उत्पात अडवायला न करता नवख्यांना वळण लावायलाही झाला, ही गोष्ट मला तिथल्या कारभारातली सर्वांत कल्पक वाटते. रोमन लिपीत किंवा इंग्रजीत कुणी लिहायला लागलं तर 'अमराठी मजकूर' अशी खूणपताका लागते. संदर्भाविना भलामोठा मजकूर आला तर त्याचीही पताका आहे, आणि ती उद्गारचिन्हासकट आहे.

त्या उद्गारचिन्हावर माझा आक्षेप आहे. 'संदर्भ नाही' ही माहिती झाली. पुढे उद्गारचिन्ह लावलं की ती भुवई होते. पताका लावताना तिचा उद्देश गस्त घालणाऱ्यांना 'इकडे बघा' सांगण्याचा असतो, पण ती दिसते सगळ्यांना, नवख्यालासुद्धा. एकाच मजकुराचे दोन वाचक आहेत, एक दारावरचा राखणदार आणि एक दारात उभा असलेला पाहुणा, आणि लिहिणाऱ्याने फक्त पहिल्याचा विचार केलाय. इशाऱ्याच्या गद्यातला सगळ्यात मोठा दोष मला हाच वाटतो, आणि तो फक्त मराठीत नाही.

इंग्रजी विकिपीडियावर इशाऱ्यांची चार पायऱ्यांची शिडी आहे. पहिल्या पायरीवर तुमचा हेतू चांगला असेल असं धरून गोड बोलायचं. दुसरीवर 'कृपया असं करू नका'. तिसरीवर 'थांबा'. चौथीवर, यापुढे काही न सांगता तुमच्यावर बंदी घातली जाईल. समज, ताकीद, सक्त ताकीद, निलंबन. ही शिडी आपल्या सामान्य प्रशासन विभागाने लिहिली असती तरी वेगळी झाली नसती. आणि ती हाताने चढवावीही लागत नाही. अशी साधनं आहेत, ज्यांत एक कळ दाबली की बदल उलटतो आणि योग्य पायरीची चौकट त्या माणसाच्या पानावर जाऊन चिकटते. गस्त घालणारा तोवर पुढच्या बदलावर गेलेला असतो. २०१० च्या अखेरीपासून तिथे एक सांगकाम्या तर हे काम माणसाशिवाय, काही सेकंदांत करतो.

इंग्रजी विकिपीडियावरची सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घसरू लागली. का, याचा शोध घेणाऱ्यांत ॲरन हाफेकर आणि स्टुअर्ट गायगर ही दोन नावं ठळक आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : दर्जा राखायला जी तटबंदी बांधली, तिनेच चांगल्या हेतूने आलेल्यांना बाहेर ठेवलं. विकिमीडिया फाउंडेशनमधल्या मार्याना पिन्चुक आणि स्टीव्हन वॉलिंग यांच्यासोबत या दोघांनी इशाऱ्यांचे मजकूर बदलून एक प्रयोग केला आणि २०१२ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. निष्कर्ष भाषेच्या विद्यार्थ्याने वहीत लिहून ठेवावा असा आहे. ज्या निरोपांत माणसाने स्वतःची ओळख दिली, कर्तरी प्रयोगात लिहिलं आणि 'हे मी केलं' अशी जबाबदारी घेतली, ते निरोप संस्थेच्या सुरातल्या कर्मणी निरोपांपेक्षा कितीतरी जास्त यशस्वी ठरले. त्यानंतर तिथल्या पहिल्या पायरीचा मजकूर 'नमस्कार, मी अमुक' असा सुरू होऊ लागला.

कर्तरी आणि कर्मणी. शाळेत मार्कांसाठी पाठ केलेला हा भेद, आणि एवढ्या मोठ्या ज्ञानकोशात कोण टिकणार याच्याशी त्याचा संबंध निघाला.

आता हे मराठीत आणून बघा. मराठीत अधिकाराने बोलायचं म्हटलं की आपण आपोआप 'करण्यात आले आहे'वर जातो. 'आपले संपादन उलटवण्यात आले आहे. याची कृपया नोंद घ्यावी. अन्यथा आपणावर कारवाई करण्यात येईल.' ही वाक्यं मी आत्ता बनवली, पण ती तुम्ही कुठे ना कुठे वाचलेली आहेत, कारण ती तलाठी कार्यालयाच्या भिंतीवर, वीजबिलाच्या मागे आणि परीक्षेच्या हॉलतिकिटावर आहेत. या मराठीत माणूस नसतो. कुणी उलटवलं? माहीत नाही. कारवाई कोण करणार? कारवाई स्वतःच येणार, पावसासारखी. 'आपण' आणि 'कृपया' पेरून ती नम्र दिसते, पण तो नम्रपणा काचेपलीकडचा आहे. इंग्रजीतल्या 'यू'ला अंतर ठेवता येत नाही. मराठीत तू, तुम्ही, आपण अशा तीन पायऱ्या आहेत, आणि सगळ्यात दूरच्या पायरीवरून धमकी दिली की ती सगळ्यात गार लागते.

हट्ट्यातल्या त्या मुलीला घरी रागावतात तेव्हा 'काय करायलीस गं?' असं विचारतात. त्या रागात एक प्रश्न असतो आणि प्रश्नाला उत्तर देता येतं. 'नोंद घ्यावी' याला उत्तर नसतं. माझा आग्रह असा नाही की विकिपीडियाने बोलीत रागवावं. आग्रह एवढाच की निरोपात एक प्रश्न असावा, ज्याचं उत्तर नवख्याजवळ आहे. हळदीबद्दल हे तुम्ही स्वतः पाहिलं की कुठे वाचलं? एवढा एक प्रश्न विचारला तर संदर्भाचं अख्खं धोरण अर्ध्या मिनिटात समजावता येतं. धोरणाच्या पानाचा दुवा देऊन ते होत नाही. ते पान फोनवर उघडलं की अंगठा दुखेपर्यंत सरकवावं लागतं.

आणि बोलीचं काय? 'लय' आणि 'लागतेत' ज्ञानकोशात नको, हे मला मान्य आहे. प्रमाण लेखनाची गरज आहे. पण आपल्या शुद्धलेखनाच्या नियमांचं वय बघा. साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ चे, आणि चार १९७२ मध्ये वाढवले. तेव्हापासून हे अठरा नियम मराठवाड्यातल्या लेकरांनी लाल शाईतून शिकलेत, आणि लाल शाईने 'हे असं लिहितात' यापेक्षा 'तू असं बोलतोस' हेच जास्त शिकवलं. उलटवलेलं संपादन म्हणजे लाल शाईच. फरक इतकाच की मास्तर खाडाखोड करायचे तेव्हा खालचं वाक्य निदान दिसायचं. इथे ते लेखातून नाहीसं होतं. इतिहासाच्या पानात ते असतं, कायमचं असतं, पण तिथे जाऊन बघायचं असतं हे ज्याला माहीत आहे तो नवखा राहिलेला नसतो.

इथे एक गंमत सांगतो. इंग्रजी विकिपीडियावर एक जुना संकेत आहे : मुरलेल्या संपादकांना तयार चौकटी पाठवू नका. त्यांना नियम ठाऊक असतात, चौकट पाठवणं हा त्यांचा अपमान आहे, त्यांच्याशी दोन शब्द स्वतः लिहून बोला. म्हणजे चौकट अपमानकारक असते हे सगळ्यांना मान्य आहे. आणि ज्याला एकही नियम ठाऊक नाही, ज्याला दोन शब्दांची खरी गरज आहे, त्याला मात्र तीच चौकट. गावातल्या लग्नात ओळखीच्यांना हात धरून पंगतीत बसवायचं आणि परक्याला पाटी दाखवायची, असा हा शिष्टाचार आहे.

फोनची गोष्ट राहिली. तुमच्यापैकी बहुतेक जण हे फोनवर वाचत असणार, म्हणून मुद्दाम सांगतो. चर्चापान ही कल्पना संगणकाच्या पडद्यासमोर बसणाऱ्यांनी बनवली. वर पट्टी येते, 'तुम्हाला नवे निरोप आहेत', त्यावर टिचकी मारायची. पण खातं न उघडता फोनवरच्या विकिपीडिया ॲपमधून लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांना ही पट्टी वर्षानुवर्षं दिसतच नव्हती. ते लिहीत होते, त्यांचं लिखाण उलटत होतं, इशारे चढत्या क्रमाने येत होते, चौथ्या इशाऱ्यानंतर बंदी येत होती, आणि यांतला एकही इशारा त्यांच्यापर्यंत पोचलेला नव्हता. इंग्रजी विकिपीडियावरच्या काही संपादकांनी अखेर याच्या तक्रारींचं एक पान बनवलं आणि त्याच्या आडवाटेच्या नावातच सांगून टाकलं की त्या लोकांना तुमचा आवाज ऐकूच जात नाही. आपण ज्याला ढीठ समजत होतो तो बहिऱ्या खोलीत होता.

त्यात मोबाइलचा अंकपत्ता सारखा बदलतो, आणि एकाच अंकपत्त्यामागे अनेक ग्राहक असतात. नांदेडात कुणी शिवी लिहिली तर तिचा इशारा उद्या हट्ट्यात कुणाच्या फोनवर उघडेल सांगता येत नाही. आता अंकपत्ता झाकून तात्पुरतं खातं देण्याची पद्धत विकिमीडियाने आणायला घेतली आहे. त्याने हा गोंधळ काहीसा कमी व्हावा. 'मग खातं उघडावं की' असं कुणी म्हणेल. एखाद्या कॉलेजात कार्यशाळा घ्या, तीस पोरं एकाच जोडणीवर बसवा. सहा खाती उघडली जातात आणि सातव्याला दार बंद, कारण एका अंकपत्त्यावरून दिवसाला सहाच, असा विकिमीडियाचा ठरलेला नियम आहे. आधी सांगून सवलत घेता येते, पण ते माहीत असावं लागतं. सातव्या पोराला मिळालेला विकिपीडियाचा पहिला निरोप हा असतो.

राखणदारांची बाजू मी सोडलेली नाही. ती खरी आहे. मराठी विकिपीडियावर लाखाच्या घरात लेख आणि त्यांवर नजर ठेवणारे प्रचालक मोजके, तेही नोकरीधंदा सांभाळून, बिनपगारी. आणि गावांच्या लेखांत काय येतं ते ज्याने अलीकडील बदलांची यादी एक तास चाळली आहे त्याला विचारा. भावी सरपंचांचे फोटो. 'किंग' लावलेली नावं. कुणाचं तरी कुणावर प्रेम असल्याची जाहीर कबुली, इंग्रजी स्पेलिंग मराठी अक्षरांत. एका जातीचा इतिहास काढून तिथे दुसऱ्या जातीचा. तालुक्याचं नाव कुणी 'बसमत' करतो, दुसरा येऊन 'वसमत' करतो, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. या चिखलात हळदीची तीन वाक्यं ओळखायला थांबणं म्हणजे वेळ घालवणं, आणि वेळ हीच त्या माणसाजवळची एकमेव वस्तू. त्याने कळ दाबली तर मी त्याला दोष देणार नाही. दोष त्या चौकटीच्या मजकुराला देईन, कारण तो मजकूर एकदाच लिहायचा होता आणि कुणाला तरी तो शांतपणे बसून लिहिता आला असता.

तरी चौकटीचा मजकूर कितीही गोड केला तरी एक गाठ सुटत नाही, आणि या विषयातला खरा पेच तिथे आहे. 'संदर्भ द्या' असं आपण त्या मुलीला शिकवलं. ती शिकली. आता ती संदर्भ कुठून आणणार? हट्ट्यात हळद कशी शिजते हे हट्ट्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि म्हणूनच ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. १९६७ चं परभणी जिल्ह्याचं गॅझेटियर आहे, तेव्हा हा भाग परभणीतच होता. परभणीला कृषी विद्यापीठ आहे, त्यांचं हळदीवरचं साहित्य आहे. २०११ ची जनगणना आहे. पेपरांची जिल्हा पानं आहेत, जी छापल्यावर काही दिवसांत सापडेनाशी होतात. यातून लोकसंख्या, क्षेत्रफळ, लागवडीची शिफारस एवढं मिळेल. शिवारातला कुकर मिळेलच असं नाही.

अचल प्रभाला यांनी २०११ मध्ये हाच प्रश्न घेऊन एक प्रकल्प केला. 'पीपल आर नॉलेज' नावाची फिल्म त्यातून आली. मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतली सेपेडी या भाषांमध्ये, जाणत्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्याच संदर्भ म्हणून वापरता येतील का, असा तो प्रयोग होता. विकिपीडियाच्या मुख्य धारेने तो स्वीकारला नाही. न स्वीकारण्याची कारणं फालतू नव्हती. ध्वनिमुद्रण कुणाचं, त्यातला माणूस खरं बोलतोय हे कोण पडताळणार, आणि उद्या भावी सरपंच स्वतःचीच मुलाखत संदर्भ म्हणून जोडेल त्याचं काय? मला ही कारणं पटतात. पण ती पटूनही मला असं वाटतं की 'संदर्भ नाही' हा शेरा हट्ट्याच्या बाबतीत आणि, समजा, पुण्याच्या सदाशिव पेठेच्या बाबतीत सारखा पडत नाही. पेठेतल्या माणसाला तो शेरा मिळाला तर तो कपाटातून पुस्तक काढतो. हट्ट्यातल्या मुलीसाठी त्याचा अर्थ होतो की तुझ्या गावाबद्दल तुला जे माहीत आहे ते ज्ञान नव्हे. चौकट लिहिणाऱ्याच्या मनात हे मुळीच नसतं. वाचणारीला मात्र नेमकं हेच कळतं, आणि शिकवण्याच्या दृष्टीने वाचणारीला काय कळलं तेच मोजायचं असतं.

मग काय लिहावं? टीका करणाऱ्याने एकदा तरी स्वतः लिहून दाखवावं, म्हणून हा माझा मसुदा :

'नमस्कार, मी अमुक. हट्टा लेखात तुम्ही हळदीबद्दल लिहिलेलं आत्ता वाचलं. शेतातला कुकर आणि ढोलाची माहिती लेखात नव्हती, ती मी ठेवली आहे. "आमच्या गावात"चं "गावात" केलं, कारण इथला लेख कुणा एकाच्या तोंडून नसतो. "सगळ्यात चांगली" हे वाक्य काढलं. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याची एखादी बातमी तुम्हाला सापडली तर ती जोडून त्या जागी तेवढं लिहू या. हळद शिजवण्याबद्दल तुम्ही स्वतः पाहिलंय की कुठे वाचलंय? उत्तर इथेच खाली लिहा.'

यात धोरणाचा एकही दुवा नाही. तीन धोरणं आहेत, पण वापरून दाखवलेली. काय ठेवलं ते आधी, काय काढलं ते नंतर. शेवटी असा प्रश्न, ज्याचं उत्तर फक्त तिच्याजवळ आहे. आणि मुख्य म्हणजे हा निरोप दुसऱ्या कुणाला पाठवता येत नाही. तो सांगकाम्याला लिहिता येणार नाही, कारण त्यासाठी तीन वाक्यं वाचावी लागतात.

तो लिहायला पाच मिनिटं लागतात, आणि ती नाहीत असं आपण वरच मान्य केलं. म्हणून तो सगळ्यांना लिहायचा नाही. 'किंग'वाल्यांना चौकट पुरे, त्यांना बऱ्याचदा तीही जास्त होते. प्रश्न फक्त चिखलातून हळद ओळखायचा आहे. आत्ता गाळणीला आपण शिकवलंय की वाईट काय ते धर. इंग्रजी धर, शिव्या धर, संदर्भ नसलेला भलामोठा मजकूर धर. तिला उलटंही शिकवता येतं. गावाच्या लेखात नव्या माणसाने देवनागरीत दोन-तीनशे अक्षरं घातली, जुनं काही पुसलं नाही, दुवे चिकटवले नाहीत, तर तिथे एक वेगळी खूणपताका लावायची : 'गावाची नवी माहिती, कुणीतरी वाचा'. उद्गारचिन्ह नको. ही पताका जतन अडवत नाही, नवख्याला काही सुनावत नाही, आणि त्याला दिसली तरी बरंच वाटेल. चावडीवर पाच जणांनी ठरवलं की आठवड्यातून एकदा या पताकेची यादी उघडून त्यातल्या दहा जणांना हाताने लिहायचं, तर त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये नवीन काही बांधावं लागत नाही. या सगळ्या अटी आजच्या गाळणीत लिहिता येतात.